जपानला परत गेलेला डबा

सुभेदारांना ऐकू येईनासं झालं, तो गुरुवार होता. मी शाळेत जायला जिना उतरत होते. खाली पुढच्या सोप्यात सीडी लागली होती. सुभेदार खुर्चीत बसले होते. मला पाहून ते म्हणाले, "बाई, मशीन बंद पडलं जणू." मशीन बंद पडलं नव्हतं. काकी आतून आल्या आणि दारात थांबल्या. एक गाणं संपलं, पुढचं सुरू झालं. सुभेदारांनी उठून वायर काढली, परत लावली आणि आमच्या दोघींकडे पाहिलं.

बोलून उपयोग नव्हता, हे तिघांनाही एकदमच कळलं असावं.

पलूसला मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माहेर साताऱ्याचं. नोकरी लागली तेव्हा सुभेदारांच्या घरावरची खोली भाड्याने घेतली आणि अजून तिथेच राहते. ते तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. सगळं गाव त्यांना सुभेदारच म्हणे, त्यांच्या बायकोला मी काकी म्हणू लागले. खोली दाखवताना त्यांनी माझी जात, पगार, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. माझ्याभोवती अर्धा वळसा घालून ते माझ्या डाव्या हाताला येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता बोला."

त्यांचा डावा कान तोफांनी कधीच नेला होता. उजव्यावर त्यांचा संसार चालला होता. त्यामुळे माणूस नेहमी आपल्या उजवीकडे असावा, अशी त्यांची व्यवस्था असे. सोप्यातल्या सगळ्या खुर्च्या त्यांच्या खुर्चीच्या एकाच बाजूला होत्या. नवा माणूस येऊन चुकून डावीकडे बसला, की सुभेदार काही न सांगता आपली खुर्ची उचलत आणि त्याच्या पलीकडे जाऊन बसत. लग्नाच्या मांडवात ते एका जागी कधी टिकले नाहीत. लोकांना वाटे की सुभेदारांना मान कमी पडला. ते फक्त आपला कान घेऊन फिरत असत.

पलूसच्या आसपास द्राक्षांचे मळे आहेत, आणि बेदाणा वाळवायची शेडं. एका उन्हाळ्यात ती शेडं पाहायला जपानहून काही पाहुणे आले होते. सुभेदारांच्या चुलतभावाच्या शेडावर त्यांना जेवायला घालण्याजोगी जागा नव्हती, म्हणून पंगत सुभेदारांच्या सोप्यात बसली. पाहुण्यांत एक तरुण मुलगी होती. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आमटी, सगळं तिने संपवलं. तिखटाने तिचे डोळे वाहत होते, तरी तिने ताटात काही ठेवलं नाही. निघताना तिने पिशवीतून एक सीडी काढली आणि दोन्ही हातांनी सुभेदारांपुढे धरली. बरोबरच्या दुभाष्याने सांगितलं, की हा तिच्या आवडीचा बँड आहे, पाच जणांचा. त्यांनी आपल्या सगळ्या गाण्यांतून थोडी निवडून हा संग्रह मुद्दाम जपानबाहेरच्या ऐकणाऱ्यांसाठी काढला आहे.

सुभेदारांनीही दोन्ही हातांनी ती घेतली. मग दुभाष्याला विचारलं, "जपानबाहेरचं म्हंजे कोण?"

दुभाषा हसून म्हणाला, "म्हणजे बाकीचे सगळेच."

"म्हंजे आमी," सुभेदार म्हणाले.

दुसऱ्याने ही गोष्ट चारचौघांत सांगून विसरली असती. सुभेदारांनी ती अंगाला लावून घेतली. त्या संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं आणि प्लॅस्टिकच्या डबीवरचं इंग्रजी वाचून दाखवायला सांगितलं. समोर पाच जणांचा फोटो होता, तीन मुली आणि दोन मुलगे, आगगाडीच्या एका रिकाम्या फलाटावर उभे. खाली बारीक अक्षरात परदेशी श्रोत्यांसाठी असं लिहिलं होतं. मी त्यांना त्याचं मराठी सांगितलं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं आणि मान हलवली. आलेल्या टपालावर आपलाच पत्ता निघावा, तशी ती मान होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नेम सुरू झाला. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते खुर्चीत बसत. पंखा बंद करत. सैन्याच्या कँटीनमधून पूर्वी कधीतरी घेतलेलं मशीन लावत आणि ती सीडी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकत. मध्ये उठत नसत. मध्ये चहाही घेत नसत, कारण दोन घरचं एकदम खायचं नसतं, असं ते म्हणत.

गाण्यांना त्यांच्यापाशी नावं नव्हती. ती त्यांनी ताटाप्रमाणे लावली होती. पहिलं गाणं छोटं होतं, नुसती पेटीसारखी काही सुरावट आणि एका मुलीचा आवाज. ते मीठ. मीठ वाढल्याशिवाय ताट सुरू होत नाही. मग चटणी, मग कोशिंबीर. मधल्या एका संथ गाण्याला ते पोळी म्हणत, पुरणाची, कारण ते गाणं एकदा घेतलं की पोट भरे आणि तरी आणखी घ्यावंसं वाटे. शेवटून दुसरं म्हणजे ताक. एकदा त्यांच्या पुतण्याने ती गाणी मोबाईलवर शोधून काढली आणि कौतुकाने दाखवायला आला. त्याला जे आवडलं तेवढं तो लावत होता, अर्ध्यावर सोडून पुढच्यावर जात होता. सुभेदारांनी थोडा वेळ सोसलं.

मग म्हणाले, "तू जेवाय बसला की आधी ताक पितो काय रं?"

"न्हाई."

"मग पोळी उचलून तिथली तिथं खाली टाकतो?"

पुतण्याने मोबाईल खिशात घातला. नंतर मला म्हणाला, की काका म्हातारे झाले. मला तसं वाटलं नाही. मी पुस्तकं वाचणारी बाई. कवितासंग्रह मधूनच कुठेतरी उघडून वाचायची माझी सवय. त्या दिवसानंतर मी पहिल्या पानापासून वाचू लागले, हे खरं.

एकदा मी त्यांना म्हटलं, की गाण्यांचे अर्थ मिळतात, मी शोधून मराठीत करून देते. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्यांनी मशीनवरची धूळ हाताने पुसली. मग सावकाश म्हणाले, "बाई, वाढणाऱ्याला ह्यात काय घातलंय म्हून इचारत न्हाईत. तिखट लागलं तर तिखट, ग्वाड लागलं तर ग्वाड." पुन्हा मी तो विषय काढला नाही. त्यांना जे गाणं उदास वाटे ते कदाचित आनंदाचं असेल. मीही आजवर अर्थ पाहिलेले नाहीत.

त्या सीडीच्या अगदी शेवटी गाणं नव्हतं, बोलणं होतं. पाचही जण आपापलं नाव सांगत. मग त्यातली एक मुलगी मोडक्या इंग्रजीत विचारी, की तुम्ही कसे आहात? आणि तिथे ते थांबत. थोडा वेळ काहीच नसे. खोलीतला वारा ऐकू येई, कुणाची तरी खुर्ची करकरे. मग सगळे हसत, जणू उत्तर त्यांना पोचलं, आणि आभार मानून निरोप घेत.

पहिल्यांदा ते ऐकलं, तेव्हा सुभेदारांनी माझ्याकडे पाहून त्या प्रश्नाचा अर्थ विचारला. एवढा एकच अर्थ त्यांनी विचारला. दुसऱ्या दिवसापासून त्या थांबलेल्या जागेत ते उत्तर देऊ लागले. "बरं हाय. ऊस तोडाय टोळी आली न्हाई अजून." "बरं हाय. काल पाऊस झाला, बागेला वाईट." जागा लहान होती. तेवढ्यात बसेल एवढीच बातमी सांगायची असे. त्यामुळे कालच्या दिवसातली कुठली गोष्ट सांगायची, हे ते अंघोळ करतानाच ठरवत असावेत. ते पाच जण हसण्याच्या आत बोलणं संपलं, की त्यांना समाधान वाटे. एखादे दिवशी बातमी लांबे आणि हसणं मध्येच येई. मग ते म्हणत, "आज आवरलं न्हाई."

काकींना ह्याचं फार हसू येई. त्या आतून म्हणत, "आवं, त्यास्नी मराठी येतं व्हय?"

"मला जपानी येतं व्हय? तरी ऐकतोयच की."

"तुमी ऐकताय. ती कुठं ऐकत्यात?"

"इचारलंय त्यांनी. इचारल्यावर गप बसायचं काय?"

काकी शेंगा फोडत बसत, तोंडाला पदर लावून. त्या तशा कमी बोलणाऱ्या. दिवसभरातलं त्यांचं बहुतेक बोलणं ह्या भांडणात होई.

आमच्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत. कुणी वाटीभर भाजी पाठवली, की ती वाटी घासून तशीच नेऊन द्यायची नसते. निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. सुभेदारांच्या मनात हे केव्हा आलं ते मला माहीत नाही. एका रविवारी मी साताऱ्याहून परत आले, तर ते जिन्याशीच उभे होते. हातात ती प्लॅस्टिकची डबी होती.

"बाई, ह्यो डबा आपल्याकडं वर्ष झालं पडलाय."

मी म्हटलं, ती भेट होती, भेट परत करायची नसते. शिवाय त्या मुलीला आपण जेवायला घातलं होतं, फिटलं.

"ती जेवली ते तिचं. गाणी दिली ह्या पाच जणांनी. त्यांच्या पोटात आपलं काय गेलंय?"

सुभेदारांनी ठरवलं होतं, की आपणही आपल्याकडची निवडक गाणी भरून हा डबा त्यांच्याकडे पाठवायचा. जपानबाहेरच्यांसाठी त्यांनी निवडलं, तसं आपण पलूसबाहेरच्यांसाठी निवडायचं. मी ते मोबाईलवर टिपायचं, सांगलीत एक जण अजून सीडी करून देतो त्याच्याकडून सीडी करायची. सिनेमातलं काही नको, कारण ते दुसऱ्याच्या चुलीवरचं. आणि जे घालायचं ते आपण समोर बसून ऐकलेलं पाहिजे. चव न घेता पाहुण्याला वाढायचं नाही.

तेव्हाच त्यांचा उजवा कान कमी होऊ लागला होता, हे मला पुढे कळलं. त्यांना ते आधीच कळलं असणार. तोफखान्यातला माणूस, कान कसा जातो हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. सगळं भरून, ताट लावून, एकदा स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं आणि मग पाठवायचं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. फक्त मशीनचा आवाज ते महिन्यामहिन्याला थोडा वाढवत गेले.

आष्ट्याला एका शाळेच्या मैदानावर लेझीम चाले. तिथला हलगीवाला सुभेदारांच्या ओळखीचा होता. आम्ही एस.टी.ने गेलो. सुभेदार त्याच्या इतके जवळ उभे राहिले, की त्याला हात फिरवायला जागा राहिली नाही. "सुभेदार, जरा मागं व्हा, कान फाटंल," तो म्हणाला. "फाटाय एकच राह्यलाय, वाजव तू," असं म्हणून सुभेदार अर्धं पाऊल मागे सरकले. त्याने वाजवलं. पोरं घामाघूम होईपर्यंत नाचली. सुभेदार डोळे मिटून उभे होते आणि त्यांच्या छातीवरचा सदरा हलगीबरोबर थरथरत होता.

साताऱ्याला ते माझ्या घरी आले. माझी आई कुणासमोर गात नाही. मी लहान असताना ती पाळणा म्हणत असे, एवढं माझ्या आठवणीत होतं, पण ती आठवण खरी आहे की पुस्तकात वाचलेली, याची मला खात्री राहिली नव्हती. सुभेदार सोफ्यावर ताठ बसले आणि त्यांनी आईला सगळं समजावून सांगितलं. जपानहून डबा आलाय, भरून पाठवायचाय, पोरांना निजवायचं काहीतरी आपल्याकडनं पाहिजे. आई म्हणाली, "मला कुठलं येतंय?" सुभेदारांनी आग्रह केला नाही. चहा घेतला, आणि आईच्या डाव्या हाताला खुर्ची ओढून नुसते बसून राहिले. बऱ्याच वेळाने आई खिडकीकडे तोंड करून म्हणू लागली. एक कडवं विसरली, ते गुणगुणून पुढे गेली. मोबाईल धरलेला माझा हात मी दुसऱ्या हाताने धरला होता. ती आठवण पुस्तकातली नव्हती.

परत येताना एस.टी.त सुभेदार एवढंच म्हणाले, "विसरलेलं हाय ते बी ऱ्हावू दे त्यात."

उरलं होतं ते कुंडलचं. सुभेदारांच्या पलटणीतले एक नाईक निवृत्त होऊन कुंडलला शिलाईचं दुकान चालवत होते. मोहरमच्या दिवसांत त्या भागात हिंदू-मुसलमान मिळून करबलची गाणी म्हणतात, मराठीत, जुन्या लढाईत पडलेल्यांच्या शोकाची. त्यात ह्या नाईकांचा आवाज नावाजलेला. आम्ही गेलो तेव्हा मोहरमला बराच अवकाश होता. नाईकांनी आमच्यासाठी भजी मागवली, पलटणीतल्या गोष्टी काढल्या, पण गायला नकार दिला.

"मोहरमबिगर ते तोंडातनं निघत न्हाई, सुभेदार. काढू बी नये."

"न्हाईच काढायचं," सुभेदार लगेच म्हणाले.

"चांद दिसू दे. मग या. पाहिजे तेवढं म्हणतो."

त्यांनी मित्राला आपल्या कानाचं सांगितलं असतं, तर कदाचित नाईकांनी दार लावून दोन ओळी म्हटल्या असत्या. सुभेदारांनी ते सांगितलं नाही. घरी आल्यावर काकींनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "सणाचं हाय ते, सणालाच शिजंल." आणि ते मोहरमची वाट पाहत थांबले. बाकीची गाणी मोबाईलमध्ये पडून होती. मला घाई करावीशी वाटे, पण कुणाला करणार?

मोहरममध्ये आम्ही कुंडलला गेलो. खूप माणसं गोळा झाली होती. नाईक उभे राहिले आणि एका हाताने कान झाकून त्यांनी सूर लावला. सुभेदार त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले, उजवा कान पुढे करून, मान किंचित खाली. बाकीचे लोक ओळ झेलत होते. मला शब्द नीट लागत नव्हते, पण कुणाचं तरी तान्हं मूल पाण्यावाचून गेलं, एवढं कळत होतं. संपल्यावर नाईकांनी सुभेदारांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघे तसेच उभे राहिले.

गाणाऱ्याच्या शेजारी उभं राहून ऐकलेलं ते त्यांचं शेवटचं गाणं. पुढच्याच आठवड्यात तो गुरुवार आला.

सांगलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि कानाच्या यंत्राचाही उपयोग होणार नाही, असं लिहून दाखवलं. गाडीत बसताना सुभेदार म्हणाले, "डावा सरकारी कामी गेला. उजवा कशापायी गेला, काय कळलं न्हाई." त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते हे फार मोठ्याने बोलले. स्टँडवरच्या लोकांनी वळून पाहिलं. काकींनी त्यांचा हात धरला. मी त्या दोघांना असं कधी पाहिलं नव्हतं.

मी शाळेतून एक पाटी आणून दिली. आम्ही पाटीवर लिहून बोलू लागलो. काकींना लिहिणं जमत नसे, त्या खुणा करत. काही दिवस सुभेदार नुसते बसून राहिले. सकाळी सदरा घालत, खुर्चीत बसत, पण मशीन लावत नसत. मीही वर बसून राही. त्या वेळी घर किती शांत असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. "बाई, माझं ताट अजून लागलं न्हाई."

मी पाटीवर लिहिलं, की क्रम तुम्ही सांगा, मी तसा लावते.

"ऐकल्याबिगर कसा सांगू?" ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी आत पाहिलं. काकी परातीत शेंगा फोडत बसल्या होत्या. "तिला ऐकवा," ते म्हणाले. "मी बघतो."

मग आमचं काम सुरू झालं. मी मोबाईलवर एकेक गाणं लावायची. काकी शेंगा फोडायच्या. सुभेदार समोर बसून काकींच्या हातांकडे पाहत राहायचे. आम्ही टिपलेलं आणखीही काही होतं, मळ्यातल्या बायकांची गाणी, एका लग्नातला बँड. काही गाण्यांना काकींचे हात भरभर चालत. काहींना ते मंद होत. आईचा पाळणा लागला, तेव्हा विसरलेल्या कडव्यापाशी काकींच्या हातातली शेंग तशीच राहिली. सुभेदार म्हणाले, "ही पोळी. मधी घ्या." हलगीला काकी जोरात फोडू लागल्या आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. ती चटणी झाली. करबल लागलं, तेव्हा काकींनी परात बाजूला सारली आणि हात मांडीवर ठेवले. सुभेदार त्या हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे शेवटाला. ह्याच्यावर काय खायाचं न्हाई."

ज्या दिवशी क्रम पुरा लागला, त्या दिवशी आम्ही सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत लावलं. सुभेदारांनी पंखा बंद केला. काकींनी शेंगा घेतल्या नाहीत. सुभेदार त्यांच्या तोंडाकडे पाहत बसले आणि काकी त्यांच्याकडे. चाळीस वर्षं संसार केलेली माणसं एकमेकांकडे अशी पाहत नाहीत. मी खिडकीबाहेर पाहत होते.

शेवटी बोलणं हवं होतं, त्या पाच जणांसारखं. आम्ही तिघांनी आपापली नावं सांगितली. काकींनी नाव सांगितलं आणि लाजून तोंड फिरवलं. मग सुभेदारांनी विचारायचं होतं. ते परेडवर बोलावं तसे बोलू लागले. मी हाताने आवाज खाली घ्यायची खूण केली. पुन्हा केली. शेवटी ते जवळजवळ कुजबुजल्यासारखं म्हणाले, "तुमी कसं हायसा?"

आता थांबायचं होतं. किती थांबायचं, हे त्यांना कळणार नव्हतं. म्हणून आमचं ठरलं होतं, की पुरे झालं की मी हात वर करायचा, मग त्यांनी हसायचं. ते माझ्या हाताकडे पाहत होते. समोर कुणीतरी बोलतं आहे आणि आपण ते ऐकतो आहोत, असा त्यांचा चेहरा झाला होता. मला हात वर करवेना. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. चिमण्या बोलल्या. मग मी हात वर केला आणि सुभेदार हसले.

सांगलीत सीडी झाली. ती जपानी डबीत घालायची वेळ आली, तेव्हा मी पाटीवर लिहिलं, की आपण दुसरी डबी घेऊ. त्यांचीच डबी परत गेली, तर त्यांना वाटेल आपल्याला गाणी आवडली नाहीत म्हणून परत केली. निदान आत चार ओळी इंग्रजीत लिहून ठेवू.

सुभेदारांनी वाचलं. "रिकामा गेला तर तसं वाटंल. भरून गेल्यावर कसं वाटंल? आन डब्यात चिठ्ठी कोण घालतंय?"

काकीही त्यांच्याच बाजूच्या होत्या. जपानी सीडी त्यांनी धुतलेल्या फडक्यात गुंडाळून चपातीच्या स्टीलच्या डब्यात ठेवली. आमची सीडी त्या पाच जणांच्या फोटोमागे गेली. पत्ता त्यांच्याच कव्हरवर मागे छापलेला होता, गाणी काढणाऱ्या कंपनीचा. मी तो पाकिटावर उतरवला. त्या कचेरीत कुणीतरी पाकीट उघडेल, आपल्याच बँडची डबी पाहील आणि आतून आष्ट्याची हलगी निघेल. त्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. पण सुभेदारांना त्यात समजावून सांगण्यासारखं काही दिसत नव्हतं. भरलेला डबा परत आला, याचा दुसरा काही अर्थ होतो, हे त्यांना पटलंच नसतं.

पाकीट कुठवर गेलं, हे पोस्टाच्या संकेतस्थळावर पाहता येतं. मी पाहत होते. एके दिवशी शाळेतून आल्या आल्या मी पाटी घेतली आणि लिहिलं, पोचलं.

त्यांनी पाटी हातात घेतली. बोटाने ते अक्षर पुसलं जाऊ नये, म्हणून पाटीची चौकट धरली. आत जाऊन काकींना दाखवली. काकींना वाचता येत नव्हतं, पण त्यांना कळलं.

"आता डबा त्यांच्याकडं," सुभेदार म्हणाले. "आता आपल्याला काय काम न्हाई."

त्यानंतर ते थोडे महिने होते. सकाळी सदरा घालून बसत आणि काकींना जपानी सीडी लावायला सांगत. स्वतः पंखा बंद करत. काकी समोर शेंगा घेऊन बसत आणि सुभेदार त्यांच्या हातांवरून कुठलं गाणं चाललं आहे ते ओळखत. शेवटची जागा आली, की काकी बोट वर करत आणि सुभेदार त्या दिवसाची बातमी सांगत. माघ संपता संपता, दुपारी, त्याच खुर्चीत ते गेले. त्या सकाळची बातमी त्यांनी सांगितली होती ती अशी, की बरं आहे, बागेत घड भरले आहेत.

कुंडलहून नाईक आले होते. त्यांनी विचारलं, की माझं गाणं जपानला पोचलं का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मोहरममदी सुभेदारांसाठी म्हणीन."

जपानहून काही आलेलं नाही. पोस्टमन दिसला, की काकी दाराशी येतात, पण विचारत नाहीत. जपानी सीडी चपातीच्या डब्यात आहे. ती आम्ही लावत नाही. आमची एक प्रत माझ्या मोबाईलमध्ये आहे. सकाळी शाळेला जाण्याआधी मी खाली येते आणि ती पहिल्यापासून लावते. पंखा काकी बंद करतात. शेवटी सुभेदार कुजबुजल्यासारखं विचारतात, "तुमी कसं हायसा?"

काकी म्हणतात, "बरं हाय." मग त्या बागेचं सांगतात, पुतण्याचं सांगतात, काल कोण आलं होतं ते सांगतात. मध्ये ट्रॅक्टर जातो. चिमण्या बोलतात. काकींचं सांगून संपतं. सुभेदार हसायच्या आधी थोडी जागा अजून शिल्लक असते.